तलावातले मासे आणि ताईचे गुडघे

ती. जानकीताईस,

देवबागहून धाकट्या दत्तूचा वाकून नमस्कार. (तू मात्र वाकू नकोस, गुडघे सांभाळ.)

आधी ताजी बातमी. आपल्या पोहण्याच्या तलावाचा तळ आज सकाळी दिसला. तुझ्या भावजयीने, सुनीतीने, काठावर उभं राहून फरशांचे सांधेसुद्धा पाहिले आणि बातमीला दुजोरा दिला. नुसत्या माझ्या शब्दावर या घरात काहीच खरं ठरत नाही, हे तू जाणतेस.

डॉक्टरांनी तुला रोज कमरेएवढ्या पाण्यात चालायला सांगितलं, तेव्हा पाहुण्यांसाठी बांधलेला हा तलाव (एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी असताना!) मला पहिल्यांदाच शहाणपणाचा वाटला. पण मागच्या महिन्यात तू दोडामार्गहून आलीस, हिरवं पाणी बघितलंस, "दत्तू, म्हशी खंय आसत रे?" म्हणत इकडेतिकडे म्हशी शोधल्यास आणि पाय न बुडवता दुपारच्या एसटीने परत गेलीस. काठी टेकत जाणारी तुझी पाठ मला काही सुचू देईना.

मग मी आपण विहिरीला करतो तेच केलं. विहिरीत मासे सोडले की पाणी चांगलं राहतं, म्हणून आपल्या विहिरीतले मासे तलावात सोडले. माशांना जागा आवडली. शेवाळालाही आवडली. शेवटी कुडाळहून क्लोरीन आणि शेवाळाचं औषध आणलं, तर दुकानदार म्हणाला, क्लोरीनने मासे मरतील. सुनीती आणि मी सकाळभर कमरेएवढ्या हिरव्या पाण्यात जाळं घेऊन मासे पकडत होतो. उतरायला आलेल्या सांगलीच्या मंडळींना तो आमच्याकडचा खेळ वाटला. त्यांनी दर विचारला. (सुनीतीने सांगितलासुद्धा.) मासे सुखरूप विहिरीत परतले.

पुढची चूक माझ्या हाताची. औषधाच्या बाटलीवर बूचभर लिहिलेलं, पण पाहुण्याला वाढताना आपण कधी माप बघतो का? अख्खी बाटली ओतली, वर भर दुपारी क्लोरीनही. तासाभरात तलावावर ढोपरभर फेस! "ओ, चादरी आणू काय? हयच धुवन काढतंय," असं सुनीती म्हणाली, आणि पायरीवर बसून हसत राहिली. आता कळलंय: ही दोन्ही एका पंगतीला बसत नाहीत. क्लोरीन संध्याकाळी, कारण ऊन ते खाऊन टाकतं. औषध मागाहून, मापाने. आणि क्लोरीन मोजायची पट्टी बुडवून तपासल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. हे सगळं मी आता तुझ्या गोळ्यांसारखं वेळेवर करतो.

तुझा,
दत्तू

ता. क. कपड्यांची लाज धरू नकोस. सुनीती पंजाबी ड्रेस घालून तुझा हात धरून उतरणार आहे. तेवढा वेळ पाहुण्यांना मी समुद्र दाखवीन.

ता. क. पुन्हा एकदा. खरं सांगू? लेक शिवांगी शिकायला पुण्याला गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत, आणि तलाव सोडून बोलायला विषय उरलेला नाही. डॉक्टर महिनाभर म्हणालेत; आम्ही पावसापर्यंत धरलंय. गुडघे आधीच बरे झाले, तर लगेच बोलू नकोस. रविवारी शेजारचा मंगेश गाडी घेऊन तुझ्या दारात येईल. तू नाही म्हणशील, हे त्याला सांगून ठेवलंय. तो चहा मागेल, मग जेवेल, मग ओटीवर आडवा होईल, आणि तुझी पिशवी भरलेली दिसेपर्यंत उठणार नाही.