कोनशिलेची कोरी बाजू

चि. प्रज्ञेशला पुसेगावहून जनकाबाईचा, म्हंजे तुझ्या आजीचा, जयभीम आन् दोन्ही गालांवर एकेक पापा. जेवतोस का बराबर? माझे गुडघे व्हते तसेच हायत. अक्षर संध्याकाकूचं हाय, बोलणं माझं (ती मधीच हसून राहिली, तिथं ओळ वाकडी गेली तर मला बोलू नको).

पत्राचं कारण म्हंजे तुमच्या कंपनीचं पाण्याचं मशीन. फिल्टर तुंबला तवापासून ते बंद हाय, आन् सारं गाव बोअरचं खारं पाणी पिऊन राहिलं. तू त्या सीएसआर खात्यात बसतोस (गावाला काही द्यायचं खातं, असं तूच सांगितलं व्हतं), म्हणून तुला सांगते. तुमचा पयला मोठा साहेब नवा व्हता तवा वर्षाच्या आत मशीन देऊन मोकळा झाला. नवी सून कशी, पयल्या महिन्यात जावेचीबी भांडी घासते, तसं. खुर्चीत मुरल्यावर मातर आमचे अर्ज जायचे आन् तिकडून 'पाहू' यायचं. मंग दुसरा आला. मशीनवर पयल्याचं नाव, त्याला हा काहून हात लावील? त्यानं फाट्यावर थांबा बांधून दिला. एसटी थांबते पलीकडं लिंबाखाली. थांब्यात अमरसिंगच्या शेळ्या बसतात, आन् त्यायला कुठं जायचं नसतं.

आता तिसरा आला. सहाच महिने झाले, म्हंजे हात सैल असायचे दिवस. म्हणून आमी बायांनी मशीनला निळा रंग मारला आन् पयल्या साहेबाच्या नावाची कोनशिला उलटी बसवायचं ठरवलं. मागची बाजू कोरीच व्हती, तिथं नव्या साहेबाचं नाव. सरपंच देविदास म्हणला, "आजी, ही फसवणूक हाय." मी म्हणलं, "लेकरा, खाली तुझंबी नाव घालू का?" मंग सिमेंट त्यानंच कालवलं. तू फक्त फीत कापायला साहेब आण आन् येताना फिल्टर आण. बाकी सारं नवं हाय.

साहेब लोकायला मी नावं ठेवत न्हाई. नोकरी लागली तवा तूबी रोज फोन करून इचारायचास, आजी, काय खाल्लं? आता चार वर्षं झाली. यंदा चौदा एप्रिलला तुझा फोटो आला मोबाईलवर, तू न्हाई आलास. मागं आलास तेबी साहेबाच्या गाडीत, चहा उभ्यानं पिऊन गेलास. कप मी दोन दिवस घासला न्हाई (हे लिहू नको म्हणलं तरी काकूनं लिहिलं).

तुझी आजी
(अंगठा माझाच)

ता.क. काकू म्हणते, खरं सांगून टाका. नासेर मिस्त्रीनं परवाच हिंगोलीहून फिल्टर आणून बसवला. पाणी चालू हाय. चांगलं हाय.

आणखी ता.क. हे साहेबाला सांगू नको. फीत कापायचं ठेव, त्याबिगर तुला इकडं कोण धाडते? साहेबाला घाई असते, ते जातील. तू त्यायच्या गाडीत बसू नको.