फळीवर एकच जागा

बाई, काल म्हसवडच्या माळावर तुमची इतकी आठवण आली की आज लिहायला बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण माझं पोट अजून तुमच्याच शिकवणीवर चाललंय. सांगलीच्या एका ऑफिसात बसून मी समाजकार्य करणाऱ्या संस्थांची वर्गवारी करते. कुणाचं काम शिक्षणाचं, कुणाचं आरोग्याचं, कुणाचं महिलांचं, कुणाचं जनावरांचं, हे ठरवायचं, म्हणजे मदत करणाऱ्याला योग्य दार सापडतं. लोकांना वाटतं, यात अवघड ते काय? मलाही वाटायचं, वडूजला तुमच्या स्वयंपाकघरात येईपर्यंत.

तुम्ही शाळेतून निवृत्त झालेल्या. आपल्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली, आणि ती जत्रेला गावी आली की कुणाला वडिलांच्या नावानं, कुणाला आईच्या नावानं काहीतरी द्यायचं असायचं. निम्म्यांना तुम्ही शिकवलेलं, म्हणून सगळे तुम्हालाच विचारायला येत. संस्थांचे कागद ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती. डाळींच्या फळीवर शाळा नि वसतिगृहं, पिठांच्या फळीवर दवाखाने, लोणच्याच्या बरण्यांमागे जनावरं. चहा उकळतोय, चष्मा तुम्ही कपाळावर चढवलाय, आणि समोर बसलेल्या गृहस्थाला दरडावताय, ‘देवळाला कमान बांधायचं नंतर बघ. आधी सांग, आईला तुझ्या कशाचा त्रास व्हायचा?’ तो गृहस्थ कप खाली ठेवतो आणि म्हणतो, ‘डोळ्यांचा, बाई.’ तुम्ही उठून पिठाच्या फळीवर हात घालता. मी दारात उभी राहून बघत असे आणि मला तुमचा हेवा वाटे.

मग कॉलेज संपल्यावर तुम्ही मला हाताखाली घेतलंत आणि पहिल्याच आठवड्यात झाडलंत. एका तालमीचा कागद मी खेळांमध्ये ठेवला होता. तालीम म्हटल्यावर कुस्तीच की! ‘नावावर जाऊ नकोस गं,’ तुम्ही म्हणालात. ‘नाव कुणीतरी हौसेनं ठेवलेलं असतंय. चल, जाऊन बघू.’ भर उन्हात मला चालवत नेलंत. कुस्तीच्या मातीच्या हौदात दोन पोरं लोळत होती, त्यांच्याकडं तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत. बाहेर पारावर बसलेल्या एका म्हातारीला विचारलंत, ‘मावशी, उद्या या तालमीला कुलूप लागलं, तर पहिलं कोण विचारत येईल?’ म्हातारी घाबरलीच. ‘कुलूप? आवं मीच येईन की! मालकास्नी डायलिसिसला सातारला हीच पोरं न्हेत्यात. दुसरं कोण हाय आमाला?’ घरी आल्यावर कागद उचलून पिठाच्या फळीवर ठेवलात. मी भीत भीत म्हटलं, दोन्हीकडे ठेवूया का? ‘एकाच जागी ठेव. सगळीकडं ठेवलं की हात घालायच्या वेळी कुठंच सापडत नाही.’

तर काल काय झालं. म्हसवडकडची एक संस्था दुष्काळात चारा छावणी चालवते. मागच्या दुष्काळातली छावणी उठली आणि संस्थेची पुंजीही संपली. आता विहिरी पुन्हा तळाला गेल्यात, आणि पुण्याच्या एका कंपनीनं हात दिला नाही तर यंदा छावणी नाही, असं आहे. कंपनीच्या मॅडम आल्या, चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, आम्ही फक्त महिलांच्या कामाला देतो, ही संस्था तुमच्याकडे जनावरांत आहे. मीच ठेवली होती, बाई. छावणी म्हणजे म्हशीच की! मग तुमचा आवाज कानात आला आणि मी त्यांना गाडीत घालून थेट माळावर नेलं. माळ रिकामा, नुसत्या मेखा उरलेल्या. आम्ही उतरतोय तोवर डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली एक बाई रस्ता सोडून धापा टाकत आमच्याकडे आली. आमचं काही विचारायचं राहिलंच.

‘आवं ताई, छावणी कवा?’

मॅडम म्हणाल्या, ‘म्हशींचे फार हाल होतायत का?’

‘म्हशींचं व्हत्यातच. पर छावणीत चारा हातात येतोय, पाणी टाकीत येतंय. घरी ऱ्हायलं की मी चाऱ्याला, मग पाण्याला पोरीलाच धाडाया लागतंय. नववीत हाय ती. पंधरा दिस झालं, शाळा न्हाई.’

मॅडमनी तो भारा उतरवायला हात लावला. परतताना म्हसवड मागे पडलं. मग म्हणाल्या, ‘हे आमच्यात बसतं. छावणी सुरू करायला सांगा.’ मी खिडकीबाहेर तोंड करून रडून घेतलं. आज सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या ती संस्था जनावरांतून काढून महिलांत ठेवली. एकाच जागी.

मात्र तुम्हाला कुठे ठेवायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. हे पत्र घडी घालून माझ्या घरी डाळींच्या फळीवर ठेवेन, ते जाणार आहे कुठे! एक मात्र सांगते, तुमच्या पाठीमागे कुणाला कळू दिलं नव्हतं. तुमच्या घराला कुलूप लागलं त्याच दिवशी मी वडूजला आले होते. कुलूप समोर दिसत होतं, बाई. तरी मी कडी वाजवली आणि तुम्हाला हाक मारली.