सावडीत जिंकलेले वरंगळ

आष्टी, ता. परतूर
रविवार, १६ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप राधेश्याम दाजींना कल्याणचा आष्टीहून दंडवत.

पत्र बघून तुम्ही चकित व्हाल. पोस्टातले साहेबही काल झाले. मी पाकीट मागितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिले. पण तुम्ही मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केले, फोनवर ब्लॉक केले, आणि ताईला निरोप द्यावा तर ती म्हणते, "तुमच्या दोघांच्या राज्यात मला ओढू नका." पोस्टात अजून ब्लॉक करायची सोय निघालेली नाही, तेवढ्या भरवशावर लिहीत आहे. तब्येत कशी आहे? मिरचीचा तोडा आटोपला का? ताईची कंबर आता काय म्हणते? इकडे आईचे गुडघे, म्हैस आणि मी, सगळे ठीक. एक राज्य गेले, तेवढे सोडले तर खुशाली आहे.

हा उपद्व्याप मीच उभा केला, हे आधी कबूल करतो. बाबा गेल्यावर घरातली दुपार फार लांबायला लागली होती, म्हणून तेराव्या शतकातल्या राजांचा तो कॉम्प्युटरवरचा खेळ काढला. चौघांनी चार राज्ये घ्यायची, आपापल्या घरी बसून आपापला डाव द्यायचा, चौघांचे डाव आले की खेळातले वर्ष पुढे सरकायचे, आणि दर रविवारी दोन वाजता सगळ्यांनी एकत्र फोनवर यायचे. राज्यांच्या चिठ्ठ्या टाकायचे ठरले होते. तुम्ही चिठ्ठी उचलायच्या आधीच जाहीर केले की भोकरदनहून देवगिरी दोन तासांवर आहे, तेव्हा ती तुमचीच. (या हिशेबाने आष्टीवाल्याला काय मिळायला हवे होते, हे कोणी विचारले नाही. मला वरंगळ आले.) संघपाल सरांनी द्वारसमुद्र घेतले. कुंभार पिंपळगावला इतिहास शिकवणाऱ्या माणसाशिवाय ते नाव न अडखळता कोणाला घेता येत नव्हते. पुण्याहून काकांच्या आकांक्षाने गुजरात घेतले आणि दोन महिन्यांत एकदाही तलवार न उपसता नुसती बंदरे बांधली.

पहिल्या रविवारी एक बाणसुद्धा सुटला नाही, ते आठवते ना? देवगिरीच्या बाजारात मिरची नाही, हे तुमच्या ध्यानात आले. संघपाल सरांनी चाळीस मिनिटे समजावले की मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, त्याला अजून दोन-अडीचशे वर्षे अवकाश आहे. तुम्ही म्हणालात, "मंग तव्हाचे लोक खात काय व्हते?" सर म्हणाले, मिरे. "मिऱ्याचा ठेचा खाल्ला का सर कधी?" या प्रश्नावर सरांकडे कोणत्याच ग्रंथाचा आधार नव्हता. शेवटी मिऱ्याच्या गोदामाला आपसात मिरचीचे गोदाम म्हणायचे, असा तह झाला तेव्हा कुठे तेराव्या शतकाला सुरुवात झाली.

पुढची अडचण अशी की दर रविवारी चौघे मोकळे सापडेनात. म्हणून मीच सावडीचा नियम काढला. आज तुम्ही आमच्या रानात, उद्या आम्ही तुमच्या, तसेच खेळातही. ज्याला जमत नाही त्याचा डाव दुसऱ्याने खेळायचा आणि त्याने पुढे केव्हातरी त्याची फेड करायची. नियम छान चालला होता. आकांक्षाची परीक्षा होती तेव्हा सरांनी तिचे गुजरात सांभाळले. (परत आली तर बंदरांच्या गोद्या पाडून तिथे सात पाठशाळा उभ्या होत्या. पोरगी तीन दिवस सरांशी बोलली नाही.)

मग तुमचे सोयाबीन मळायला आले, मशीन नेमके रविवारचेच मिळाले आणि तुम्ही देवगिरी माझ्याकडे सोपवलीत. "कल्या, बिलकुल हयगय करू नको." आता दाजी, तुम्हीच सांगा. सावडीला गेलेला माणूस दुसऱ्याच्या रानात स्वतःच्या रानापेक्षा दुप्पट हात चालवतो की नाही? कमी चालवला तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी देवगिरीच्या गादीवर बसलो आणि डोळे मिटून विचार केला की या राज्याचे भले कशात आहे. तर शेजारच्या वरंगळची पूर्वेची भिंत अर्धवट होती आणि सगळे सैन्य समुद्राकडे गेलेले होते. ही गोष्ट वरंगळच्या राजाशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हती, आणि तो राजा मीच होतो. माहीत असून गप्प बसणे म्हणजे सावडीत हरामखोरी झाली असती. मी चाल केली.

मी मुद्दाम हरलो असे सर म्हणतात, ते साफ खोटे आहे. आईची शप्पथ, देवगिरीचा डाव देऊन वरंगळच्या गादीवर आलो तेव्हा मी अर्धवट भिंतीवर उकळते तेल चढवले, हत्ती दारात उभे केले, प्राण पणाला लावून लढलो. पण समोरचा सेनापती मला आतून बाहेरून ओळखत होता. तिन्हीसांजेच्या आत किल्ला पडला. पकडलेल्या राजाला मी अभय दिले, कारण तुम्ही असता तर दिलेच असते. आकांक्षाने विचारले, "दादा, तू स्वतःलाच वेढा घातलास?" सरांनी दोन पुस्तके चाळून सांगितले की इतिहासात असा दाखला नाही.

मला वाटले, मळणीवरून आल्यावर तुम्ही पाठ थोपटाल. तेवढ्यात आकांक्षाने ग्रुपचे नाव बदलून 'सासरवाडीचे मालक' केले, सरांनी खाली टाळ्यांची चित्रे टाकली, आणि मीही (इथे माझे चुकले) हसरी तोंडे पाठवली. लग्नात बाबांनी दारात उभी केलेली मोटारसायकल परत पाठवणारा माणूस तुम्ही. त्याच्या नावावर मी न विचारता सासरवाडीचे अख्खे राज्य चढवून ठेवले. तुमचा शेवटचा निरोप आला, "कल्याणराव, मला सासरवाडीचा खडा बी नको." कल्याचा कल्याणराव झाला तेव्हाच मी समजलो की प्रकरण हाताबाहेर गेले.

तेव्हापासून तीन आठवडे पडद्यावर एकच ओळ आहे, 'देवगिरीची प्रतीक्षा'. आकांक्षाची अठरा जहाजे भर समुद्रात माल भरून उभी आहेत. सरांची पट्टराणी तीन आठवडे बाळंतपणात अडकली आहे आणि सर खरोखरच काळजीत आहेत. तेव्हा माझ्यासाठी नको, त्या माउलीसाठी तरी डाव द्यावा. वरंगळची मला तिळमात्र आशा नाही. क्षत्रियाने हरलेले राज्य परत मागू नये.

ताईला नमस्कार, लेकरांना माझा पापा.

तुमचा विजयी व पराभूत मेहुणा,
कल्याण

ता. क. – वरंगळ नकोच. पण सहज सांगतो, तिसऱ्या पानावर 'मांडलिक करा' असे बटण आहे. ते दाबले की राज्य माझे राहते, तुम्ही सासरवाडीचे काही खाल्ले असे होत नाही आणि मी दरसाल दोन हत्ती पाठवीन. सगळेच परत करावेसे वाटले तर मी आडवा येणार नाही.

ता. क. दुसरा – हे ताईला वाचून दाखवू नका. सावडीसाठी दिलेला पासवर्ड तुम्ही बदललेला नाही. म्हणजे देवगिरीचा डाव मी तीन आठवड्यांपूर्वीच देऊ शकलो असतो, जहाजे बंदराला लागली असती, राणी मोकळी झाली असती. सरांना आणि आकांक्षाला हे माहीत नाही. डाव अडवला म्हणून ते दोघे तुम्हाला नावे ठेवतात आणि संशय नको म्हणून मीही चार शब्द घालतो, त्याची माफी असावी. दोनदा पासवर्ड टाकला आणि दोनदा खोडला. डाव सुरू झाला तर तुमच्यावाचूनही रविवार पार पडतो असे ठरेल, आणि माझा तर तो पार पडत नाही. दोन वाजता फोन तेवढा करा, दाजी. डाव नाही दिला तरी चालेल.