प्रांजलचं मऊ बोट

वरची वाडी, आंबवडे
१६ नोव्हेंबर २०२५

चि. गेनूस,

ज्ञानूदादाचा आशीर्वाद. तू आणि फुलाबाई शिवऱ्यात सुखरूप असाल असं धरून चालतो. इकडे बारा शेळ्या, दोन बोकड ठीक. तुझ्या वहिनीचा आवाजही खणखणीत आहे, मात्र कालपासून तो फक्त शेळ्यांसाठी आहे. मोबाईल असताना कागद कशाला, म्हणशील. तोंडाने निघत नाही म्हणून. अक्षर वेडंवाकडं झालंय, हसू नकोस.

आपली नात प्रांजल पुण्याच्या कॉलेजात काय करते, माहीत आहे? कातडी! माणसाने केलेली, दुधावरच्या सायीसारखी मऊ. ज्याचा हात गेलाय त्याच्या नकली हाताला ती बसवली, की पेला गरम का गार, धरलंय ते अंडं का दगड, हे त्याला पुन्हा कळेल म्हणे. पोरीने त्या कातडीची बोटात घालायची, मोबाईलला जोडलेली टोपी करून आणली. मी आधी खूप हसलो. मग तिने टोपीवर कापसाचा बोळा टेकवला आणि मोबाईलवरची रेघ हलली. गेनू, कापसाचा बोळा! माझी मतीच गुंग झाली. आपल्या घरातली पोर हे करते, म्हणून वाडीभर सांगत सुटलो.

तिला त्या कातडीला गाभण शेळी ओळखायला शिकवायचं होतं. "आबा, तुमच्यावानी जाणता हात कुणाचा न्हाई," म्हणाली. टोपी माझ्या बोटात घातली. मी ऐटीत भुरीच्या पोटाला हात लावला आणि सांगितलं, "रिकामी हाय."

रेघ उड्या मारत होती. प्रांजलने आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला. "आबा, पिल्लू लाथा मारतंय. तुमाला लागत न्हाई व्हय?"

नाही लागत. शुगरने बोटं बधिर होऊन दोन वर्षं झाली. कुणाला बोललो नाही. ज्याच्या हाताला चार गावं मानतात, त्याने हे कुठल्या तोंडाने सांगावं?

आता ती गोष्ट लिहितोच. गेल्या साली काळी शेळी खाटकाला विकायच्या दिवशी तू म्हणाला होतास, "दादा, भरल्यावानी वाटतीया." मी तुझ्यावर खेकसलो. आपल्यात गाभण शेळी कापायला देत नाहीत, आणि तिच्या पोटात दोन पिल्लं निघाली. वाडी जमली तेव्हा मी सांगितलं, गेनूने चुकीची शेळी खाटकाला दिली. तू अवाक्षर काढलं नाहीस. थोरल्याचा मान ठेवलास आणि बायकोला घेऊन वाडी सोडलीस.

काल बिरोबाच्या देवळापुढे सगळ्यांना बसवून खरं सांगितलं. वाडीतले जाणते गोरखअण्णा म्हणाले, "लई उशीर केलास."

प्रांजलच्या बोटाला शिकवायला जाणता हात लागतो. तो तुझा आहे, तेव्हाही तुझाच होता. ती पुढच्या रविवारी पुन्हा येतेय. ये म्हणायचा हक्क मी घालवला, पण पोरीसाठी ये. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल. वाडीदेखत एकेका शेळीला हात लाव आणि सांग. दावं धरायला मी उभा राहीन.

तुझ्यावर आळ घालून मोठा राहिलेला,
ज्ञानू