शून्य, पण अजून आहे

३ ऑक्टोबर, मंगळवार

नकाशेवाल्यांचा, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकाचा, बॅकअप उघडत नाही! सकाळी दात घासत होतो, तर दादा बाथरूमच्या दाराशी. "अरे, नकाशेवाले बोंबलतायत. काल त्यांचं मशीन बसलं आणि आपली फाइल उघडेना. बघतोस ना?" तोंडात फेस. मी हो म्हणालो की नाही, माझं मलाच कळलं नाही. दादाने हो धरलं.

पुढच्या शनिवारचं तिकीट आहे माझं. टिंबूकडे, तिच्या नोकरीच्या गावी जायचं आणि परत यायचं नाही, असं ठरलंय. म्हणजे आमचं नवरा-बायकोचं ठरलंय. दादाला सांगायचं राहिलंय.

४ ऑक्टोबर, बुधवार

टिंबूचा मेसेज – "दोन जागा बघितल्या... एक दोन खोल्यांची, एक एकाच खोलीची... घरमालकीण पुढच्या रविवारपर्यंत थांबते म्हणाली... दोन खोल्यांची सांगू ना..."

मी लगेच लिहिलं – सांग!

मग दुसरा मेसेज – "आधी दादांना सांग, मग मी घरमालकिणीला सांगते..."

हुशार आहे बाई.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

तीन दिवस नुसता फाइलीत डोकं घालून बसलोय. सुरुवातीच्या नोंदी ठीक वाचल्या जातात, मग मध्येच कुठेतरी घसरते आणि पुढे निव्वळ कचरा. जुने बॅकअप मात्र छान उघडतात. उन्हाळ्यानंतरचेच रुसलेत.

म्हणजे घोडं आकड्यांपाशी अडलंय. आम्हा भावांच्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरची निम्मी करामत तीच – लहान आकडा एका बाइटात लिहायचा, मोठा दोनात, त्याहून मोठा तीनात. मग वाचणाऱ्याला कसं कळणार आकडा कुठे संपला? बाइटात आठ बिट. सातांत आकडा, आठवा निरोप्या. तो १ असला तर "अजून आहे", ० असला तर "संपलं". बस्स! लग्नाआधी लिहिलाय हा कोड, अजूनही देखणा वाटतो मला.

हिला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे माझी टिंबंच की!" हिच्या प्रत्येक मेसेजच्या शेवटी तीन टिंबं असतात. जेवले... निघाले... झोपते... पूर्णविराम दिला की भांडण झाल्यासारखं वाटतं, म्हणते. त्या दिवसापासून ती टिंबू.

उन्हाळ्यात तिला त्या गावच्या दवाखान्यात नोकरी लागली. चांगली नोकरी. तिला सोडायला गेलो तेव्हा म्हणालो होतो, महिन्याभरात आलोच.

७ ऑक्टोबर, शनिवार

दादाला सांगायला खाली ऑफिसात गेलो. तो फोनवर नकाशेवाल्यांना सांगत होता, "काळजीच करू नका, माझा भाऊ बसलाय ना." वर आलो.

९ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं!!

एका बाइटात जास्तीत जास्त १२७ मावतात. १२८ला दोन बाइट हवेत. आमचा कोड १२८ एकातच कोंबतो. आणि काय उरतं त्यात? आकडा शून्य, आणि निरोप्या म्हणतोय अजून आहे! वाचणारा बिचारा भाबडा. थांबतो, वाट बघतो, पुढचा बाइट ओढून घेतो – तो दुसऱ्याच आकड्याचा. तिथून पुढे सगळ्यांचं बिनसतं.

पण कोडमध्ये एका बाइटाची मर्यादा म्हणून मी १२७ लिहिलं होतं. शपथेवर सांगतो, १२७! कुणीतरी ते १२८ केलंय. आणि कोडला हात लावणारी माणसं या घरात दोनच.

१० ऑक्टोबर, मंगळवार

"हां, ते मीच केलं," दादा म्हणाला. "तू बायकोला सोडायला गेला होतास ना, तेव्हा. अरे, कॉम्प्युटरमध्ये बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस असे आकडे असतात. एकशे सत्तावीस कुठून येणार? म्हटलं, घाईत चुकलं पोराचं. आपणच नीट करू."

काय तो चेहरा! धाकट्याच्या उपयोगी पडल्याचा आनंद ओसंडून वाहत होता. नकाशेवाल्यांचं अख्खं काम त्या एका आकड्याने बुडायला आलं होतं, हे सांगायला तोंड उघडलं. म्हणालो, "असू दे. मी बघतो."

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. दादा खाली गेल्यावर म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कधी भांडत का नाही हो?"

"इथे भांडायला जागा कुठाय, वहिनी?"

ती हसली. पण खरंच कुठाय? माझी खोली मागची. खिडकी उघडली की समोर पाइप आणि शेजारच्यांची भिंत. दार उघडलं की दादाचा हॉल. जिना उतरलं की ऑफिस. चप्पल घातली की "कुठे निघालास?" प्रेमाने विचारतो हो, तक्रार नाही. आई-बाबांच्या मागे यानेच वाढवलं मला. माझा पहिला कॉम्प्युटर आणायला स्वतःची मोटरसायकल विकली, आणि ते आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. तेच तर! बोलून दाखवलं असतं तर तोंडावर काही फेकता तरी आलं असतं. गुदमरायला होतं या चांगुलपणात.

११ ऑक्टोबर, बुधवार

कोड दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागलं. लिहून झालेल्या फाइलींचं काय? "शून्य, अजून आहे" असं म्हणणारा प्रत्येक बाइट खोटारडाच असतो असं नाही. काहींच्या मागे खरंच पुढचा भाग असतो. वरून दोघे सारखेच दिसतात. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी दोन्ही वाटांनी चालून बघायचं, आणि नोंदीच्या शेवटी लिहिलेल्या बेरजेशी ताळा जुळला तर ती वाट खरी. प्रोग्राम लिहिला, चालू केला. आता तो चालतोय आणि मी नखं खातोय.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी टिंबूचा फोन.

"सांगितलंस?"

"फाइल उघडू दे, मग सांगतो."

"फाइलीच्या आधी काय होतं?"

"सर्व्हर."

"सर्व्हरच्या आधी?"

"दादाची कंबर."

हसली. जीव भांड्यात पडला. मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. "मला ना, आता तुझी वाट बघायची सवय व्हायला लागलीये," म्हणाली. "ती मला नकोय." ठेवते म्हणाली, आणि ठेवला नाही. मग ठेवला.

उद्या सांगायचं. फाइल उघडो, न उघडो. "दादा, मी उद्या जातोय, परत येणार नाही." आरशासमोर म्हणून बघितलं. जमतं की!

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

उघडली! शेवटच्या नोंदीपर्यंत ताळा जुळला. हॉलमध्ये आलो तर दादाने उचलायचंच बाकी ठेवलं. नकाशेवाल्यांचे साहेब स्पीकरवर. "काय माणूस आहे तुमच्याकडे!" वगैरे. मी फुगलो. खोटं कशाला लिहू?

फोन ठेवून दादा म्हणाला, "बस. मोठी बातमी आहे."

नकाशेवाले आमची कंपनी विकत घेतायत. बोलणी आधीपासून चालू होती, पण फाइल उघडल्यावर आज पक्कं झालं. अट एकच – मी दोन वर्षं इथेच राहायचं. इथेच, याच ऑफिसात. माझ्याशिवाय त्यांना नुसतं सॉफ्टवेअर नको.

"मी हो सांगून टाकलंय," दादा म्हणाला. "तुझ्यासाठीच केलं रे हे सगळं. माझं काय, कंबर गेलीच आहे. तुझं तरी मार्गी लागेल. बायकोला बोलावून घे की परत."

हीच वेळ होती. वाक्य तयार होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, माझ्याचकडे बघत होती.

"बघतो," म्हणालो.

दादाने पाठीवर थाप मारली. वहिनी आत गेली.

या घरात "बघतो" म्हणजे "हो", हे मला ठाऊक नव्हतं का? शेपूट घातलं मी. सरळ शेपूट घातलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

बॅग भरली. पायांत बूट घातले. गाडी साडेतीनची. दोनला खोलीबाहेर आलो.

"कुठे निघालास?"

"टिंबूकडे."

"जा की, जा. पण अरे, चारला साहेब येतायत, तुला भेटायला. तासाभराचा प्रश्न. उद्या जा." कागद पुढ्यात मांडून बसला होता. चष्मा नाकावर, वहिनीकडून इस्त्री करून घेतलेला शर्ट. किती खूश होता!

"उद्या गाडी नाही मिळाली तर?"

"मिळेल रे."

बॅग आत नेऊन ठेवली. पलंगावर बसून टिंबूला लिहिलं – "आज जमत नाहीये. उद्या नक्की. थोडंच राहिलंय अजून..."

पाठवला आणि मग वाचला. माझ्या मेसेजला तीन टिंबं! मी कधी देत नाही. आणि आत काय होतं? शून्य. नुसता निरोप्या हात वर करून उभा – अजून आहे, अजून आहे. पुसायला गेलो, तर तिने वाचलाही होता.

साहेब आले, भला माणूस वाटला. सही केली.

१५ ऑक्टोबर, रविवार

टिंबूचा मेसेज –

"एका खोलीची घेतली."

एकच टिंब.