बिनचुलीच्या जेवणाची धास्ती

मु. कळंब, तालुका कर्जत
वैशाख वद्य, वार बहुतेक गुरुवार

तीर्थरूप विमलअक्कास,

धाकट्या वाल्मिकचा दोन्ही हात जोडून, आणि या खेपेला जरा लांबूनच, नमस्कार. मी जिवंत आहे हे आधी सांगून टाकतो, कारण काल संध्याकाळी माझी मलाच तशी खात्री नव्हती. खालापुरात तुम्ही सगळे बरे असाल. दाजींच्या गुडघ्याची सूज उतरली का? बाळीच्या घामोळ्यांना चंदन उगाळून लाव, पावडर आता मिळत नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्या माझी चौकशी करणार नाहीत, तरी सांग.

तू मला मोठं पितळी पातेलं देऊन कर्जतला धाडलंस, की याला आतून कल्हई लावून आण आणि दिवेलागणीच्या आत घरी ये. त्या दिवेलागणीनंतर बऱ्याच दिवेलागणी झाल्या हे मला ठाऊक आहे. पण भिसेगावात गेलो तर कल्हईवाल्याची भट्टी थंड, आणि तो स्वतः भात्यावर डोकं ठेवून झोपलेला. लढाईपायी कथील मिळत नाही, लढाई संपली की ये, असं त्यानं डोळे न उघडताच सांगितलं. (ती कधी संपणार असं विचारलं तर माझ्यावरच खेकसला, जसा काही मीच ती लांबवतोय.) तिथूनच मागं फिरायला हवं होतं. पण बाहेर कळंबला जाणारी बैलगाडी उभी होती, आणि उभी गाडी दिसली की माझे पाय माझं ऐकत नाहीत हे तुला लहानपणापासून माहीत आहे. गाडीवाला गजा माझ्याच वयाचा, बोलका, हसरा. मी पातेलं मांडीवर घेऊन मागं बसलो आणि कळंब येईपर्यंत बोलत राहिलो. सगळं नुकसान त्या बोलण्यानं केलं.

त्याचं असं झालं. या गावात एक नियम आहे. गेल्या साली चैत्रात एका चुलीतली ठिणगी वाऱ्यावर उडाली आणि गवतानं शाकारलेल्या घरांची अख्खी आळी जळून गेली. माणसं वाचली, दोन वासरं गेली. तेव्हापासून गावानं ठरवलंय की होळी झाली की पाऊस लागेपर्यंत चूल फक्त पहाटे पेटवायची. ऊन अंगणात उतरलं की निखाऱ्यांवर पाणी. संध्याकाळचं जेवण मग जे काय असेल ते विस्तवाशिवाय. हा नियम पाळला जातो की नाही हे बघायला गावानं जो माणूस नेमला तो गजाचा बाप, कोंडाजी. अक्का, मी पुष्कळ माणसं पाहिली, पण असा माणूस नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याची बादली आणि नाक वर, असा तो दुपारपासून आळीनं फिरतो. धूर दिसला की आधी पाणी ओततो आणि मग विचारतो. मी गाडीतून उतरलो तेव्हा राम राम घालायच्या आधी त्यानं माझा खिसा चाचपला आणि काडेपेटी काढून घेतली. ती अजून त्याच्याकडेच आहे, मागायचा धीर नाही.

आता घरातली बाकीची माणसं सांगतो. कोंडाजीची बायको भागूबाई, कोंडाजीची म्हातारी आई मोतीबाई, आणि गजा. (एक मुलगीही आहे, सुंदरा नावाची. तिचा या पत्राशी काही संबंध नाही.) भागूबाई बिचारी होळीपासून रोज संध्याकाळी सकाळची भाकरी आणि ताक वाढून कंटाळलेली, आणि घरचे खाऊन कंटाळलेले. अशात गजानं ओसरीवर पाय टाकताच सांगितलं, की हा पाव्हणा मुलूखभर फिरलाय आणि याला बिनचुलीची जेवणं येतात, रोज एक वेगळं, पाऊस लागेपर्यंत पुरतील इतकी. मी गाडीत तसं म्हणालो होतो खरा. म्हणजे मुलूखभर फिरताना मिळेल ते थंडगार खाल्लं एवढंच खरं, पण बैलांच्या घुंगरांच्या नादात माणूस थोडं वाढवून बोलतो. भागूबाईनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "मंग करा की."

पहिल्या दिवशी वेळ निभावली. पोहे भिजवून त्यात दही, ठेचलेली मिरची, वर किसलेली काकडी. दुसऱ्या दिवशी सकाळची भाकरी कुसकरून ताकात, त्याला लसणीची चटणी लावून कालवलं आणि सोबत पहाटेच भाजून ठेवलेलं सुकट दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे शिजवलेला भात पाणी घालून ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवला, आणि वर कांदा. (उन्हाळ्यात ही युक्ती तूही करून बघ. भात असा गार होतो की दाजी गुडघा विसरतील.) मोतीबाईनं बोटं चाटली. कोंडाजी बादली खाली ठेवून जेवला, आणि इथं ते मोठंच समजतात. सुंदरानं एकदा विचारलं की मीठ कुणी घातलं. मी म्हणालो मी. ती म्हणाली, "बरं घातलंत." हे असंच सांगितलं.

मग काल मी कैरीचं सार करायचं ठरवलं. भागूबाई शेजारच्या लग्नघरी पापड लाटायला गेली होती, आणि या घरची मोठी भांडीही त्याच लग्नाला गेलेली. मला कशाचीच अडचण वाटली नाही, कारण माझ्यापाशी एक मोठं पातेलं होतंच. पहाटे कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ, मीठ, ठेचलेलं जिरं आणि मिरची घालून पातेलंभर सार केलं. पातेलं बाहेरून चिंच आणि राखेनं असं घासलं की त्यात माझा चेहरा दिसत होता. मग माठाजवळच्या ओल्या वाळूत ठेवून दिलं, की संध्याकाळपर्यंत गार होईल, आणि गजाबरोबर नदीवर डुंबायला गेलो. अक्का, हे पातेलं मी गावोगाव कशासाठी घेऊन फिरतोय हेच माझ्या डोक्यातून गेलं होतं.

ते आठवलं संध्याकाळी. सगळे अंगणात पानावर बसलेले, सुंदरा मडक्यातून सार वाढत होती, भातावर ओतत होती. मोतीबाई तीन वाट्या प्यायली आणि म्हणाली, लई झकास, आणखी आण. मी आणायला आत गेलो. पातेलं अर्धं झालेलं. मी वाकलो, आणि साराच्या कडेनं आतल्या अंगाला एक हिरवी रेघ फिरलेली दिसली. कल्हई नाही, आंबट आहे, दिवसभराचं ऊन आहे. सार कळकलं होतं, पितळेचं विष त्यात उतरलं होतं. आणि अर्धं तर घरादाराच्या पोटात गेलं होतं.

बाहेर जाऊन सांगावं, तर कोंडाजीची काठी दाराशी टेकलेली. न सांगावं, तर म्हातारी आणखी मागतेय. काय करावं कळेना, तेव्हा माझ्या हातांनी माझ्या आधी ठरवलं. पातेलं उचललं आणि उरलेलं सगळं सार मी उभ्या उभ्या पिऊन टाकलं, की निदान आणखी कुणाच्या पोटात तरी जाणार नाही. जीभ झिणझिणली आणि तोंडात तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव आली. मग बाहेर येऊन म्हणालो, संपलं. मोतीबाई माझ्या ओल्या मिशीकडं बघत राहिली. पाहुणा अधाशी निघाला हे तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

मला कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं की असलं काही पोटात गेलं तर दूध पाजावं. (खरं की खोटं माहीत नाही. सांगणारा घोड्यांचा नालबंद होता.) तेव्हा मी म्हणालो की आमच्याकडं उन्हाळ्यातलं जेवण धारोष्ण दुधाशिवाय पुरं होत नाही, आणि गजाला उठवून म्हैस पिळवली. सगळ्यांना लोटी लोटी पाजलं. नंतर अंगणात अंथरुणं पडली आणि मी प्रत्येकाच्या उशाशी जाऊन काय होतंय म्हणून विचारत फिरलो. गजाला उचकी लागली, तेव्हा मला रडू यायचं राहिलं. कोंडाजी बाजेवर नुसता आभाळाकडं बघत पडलेला. मी तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, तू काय वैद हायस काय रं? रात्रीचं सांगत नाही. इतकंच की श्वास मोजायला माणसं जास्त होती आणि मधेमधे मला करवंदीच्या जाळीमागं जावं लागत होतं.

उजाडलं तेव्हा सगळे टुणटुणीत, आणि मी केळीच्या बुंध्याला धरून उभा. कोंडाजी बादली घेऊन समोर आला. मला वाटलं याला कळलं. अक्का, मी सगळं ओकलो, म्हणजे बोलून. पातेलं, कल्हई, हिरवी रेघ, दूध, सगळं. तुम्हाला सगळ्यांना मी विष पाजलं म्हणालो.

सुंदरा चुलीतले निखारे विझवून बाहेर येत होती. ती थांबली. "कुनाला पाजलं? आमी प्यालो ते मी दुपारी मडक्यात केलेलं, कच्च्या कैरीचं. तुमच्या पातेल्यात हिरवं दिसलं म्हून ते आर्दं गुपचूप या केळीला घातलं. तेवढ्यात आजी उठली, म्हून आर्दं अंधार पडल्यावं टाकनार हुते, उजेडी अन्न टाकलं तर ती वरडती."

मग तिनंच हळूच विचारलं, "मंग ते आर्दं गेलं कुठं?"

मोतीबाईनं माझ्या मिशीकडं पुन्हा एकदा बघितलं, पण निराळ्या नजरेनं. कोंडाजीनं आधी बादली माझ्या डोक्यावर ओतली आणि मग विचारलं की विष हाय असं समजून प्यालास? मी म्हणालो हो, म्हातारी आणखी मागत होती.

तो आत गेला. ऊन अंगणात उतरलेलं, वारा सुटलेला, आणि आतून धूर यायला लागला. माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. कोंडाजी चुलीपाशी भरलेली बादली घेऊन उकिडवा बसला होता, ठिणगी उडेल तिथं हात आपटत, आणि सुंदरा माझ्या पोटासाठी तांदळाची पेज शिजवत होती. दर ठिणगीला त्याची नजर वर छपराकडं जात होती. काठीला मी उगीच भीत होतो, खरी भीती त्या माणसाला होती, रोज, दुपारपासून. पेज अर्धी शिजली असेल नसेल, तेवढ्यात धूर बघून आळी धावून आली. बायका, म्हातारे, हंडे, कळशा. नियमाप्रमाणं त्यांनी आधी पाणी ओतलं, चुलीवर, पेजेवर आणि कोंडाजीवर, आणि मग विचारलं. तो भिजलेला तसाच बसून राहिला आणि म्हणाला, "माज्याकडनं नियम मोडला. पोरगं आजारी हाय."

पोरगं म्हणाला, अक्का, पाव्हणा नाही. राखेसकट पेज प्यायलो. इतकी गोड लागली की काय सांगू.

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार, बाळीचा पापा.

तुझा
वाल्मिक

ता. क. – पातेलं सुखरूप आहे. त्यात सध्या कोंबडी अंड्यांवर बसली आहे, उठवू नये असं भागूबाईचं म्हणणं आहे.

ता. क. दुसरा – वर सुंदराचा संबंध नाही असं लिहिलंय, ते खोडायचं राहून गेलं. कागद वाया जाईल म्हणून तसंच ठेवतो. दाजींना म्हणावं गुडघा कसाही असो, गाडी करून या आणि कोंडाजीशी बोला. मला विचारायचा धीर नाही.

ता. क. तिसरा – दाजींनी यावं, पण फार घाई करू नये. कोंडाजी नाही म्हणेल याची मला भीती वाटत नाही, नाही म्हटलं तर रस्ता समोरच आहे, मला सवय आहे. आत्ता मोतीबाई येऊन विचारून गेली की उद्या संध्याकाळी काय करणार आहेस. आणि मी तिला उद्याचंही सांगितलं आणि परवाचंही. तेव्हापासून माझे हातपाय गार पडलेत. बाहेर कर्जतची गाडी केव्हाची उभी आहे आणि माझे पाय हलत नाहीत.