पुट्टूच्या खुणा

चामराजपेट, बेंगळूरु

प्रिय सुप्रीता,

फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही, कारण मी फोन कानाला लावला की तुझी आई आवाज न करता भांडी घासायला लागते. म्हणून हे पत्र. तुझं कोरमंगला काही परदेश नाही, तुझा चुलतभाऊ प्रणीत ऑफिसला जाताना देऊन येईल. पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, दारं-पडदे हुंगतो, परत येऊन बसतो. या वयात माणसं परमार्थाला लागतात, मी वासामागे लागलोय.

स्पष्टच लिहितो, तुझा बोका पुट्टू घरभर मुततो आहे. तू ते स्थळ नाकारून, बॅग भरून गेलीस, त्याच आठवड्यात सुरू झालं. आधी तुझ्या खोलीचं दार, मग पुढचा पडदा, मग माझी छत्री. बसून नाही हं. पाठ करून उभा राहतो, शेपूट ताठ, टोकाला थरथर, आणि भिंतीवर एक बारीक पिचकारी. बाकी आपल्या ट्रेमध्ये शहाण्यासारखा जाऊन येतो. मला वाटलं, माज आला. आई म्हणाली, सूड उगवतोय, जिने वाढवला तिचीच शिकवण. मग एके सकाळी स्वारीने देवघराची चौकटच गाठली. आईने निर्वाणीचं सांगितलं, की युगादीच्या पाडव्यापर्यंत हे थांबलं नाही तर मांजर दामोदरमामाच्या मार्केटमधल्या गोदामात जाईल. तिथली कुत्री तुला ठाऊक आहेत. दूधभातावर वाढलेला हा गडी तिथे एक रात्र काढणार नाही.

चौकट बाटली म्हणजे शुद्धी आली, आणि शुद्धी म्हणजे आईचं गोमूत्र. ती मडीत, सोवळं नेसून उभी राहून मंत्र म्हणत चौकटीवर शिंपडायची आणि तिची पाठ वळते न वळते तोच पुट्टू येऊन, हुंगून, त्यावर आपली भर घालायचा. ती पुन्हा शिंपडायची, तो पुन्हा. दोघांपैकी एकही मागे हटेना. मी मधे बोलायला गेलो तर दोघांनीही माझ्याकडे सारख्याच नजरेने पाहिलं.

शेवटी त्याला टोपलीत घालून मल्लेश्वरमला डॉक्टर निवेदितांकडे नेलं. हट्टाने आईही आली, त्याचा अपराध सांगायला. डॉक्टरांनी आधी लघवी तपासली, कारण मूत्राशयाच्या दुखण्यानेही मांजरं भलतीकडे जातात म्हणे. त्यात काही निघालं नाही. मग त्यांनी समजावलं, की हा माजही नाही आणि सूडही नाही. नसबंदीचं ऑपरेशन झालेला बोकासुद्धा धास्तावला की असा स्वतःचा वास लावत फिरतो, 'हे घर माझंच आहे ना' असं स्वतःलाच सांगत. रागावलं की धास्ती वाढते आणि खुणाही वाढतात. गोमूत्राचं ऐकून त्या हसल्या नाहीत, त्यांचं कौतुक वाटलं. एवढंच म्हणाल्या, अम्मा, स्वल्प, जरासं त्याच्या नाकाने बघा, घरात रोज कुठलंतरी मोठं जनावर येऊन खूण करून जातंय. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, हे मी मनातच ठेवलं.

आता चौकटीवर तुळशीचं पाणी पडतं. डाग धुवायला डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे, वास मुळापासून काढणारं. पुढच्या खिडकीत एक भटका बोका येऊन बसायचा, तिथे मी काचेच्या खालच्या भागावर कागद चिकटवला. दुसरा ट्रे आणला. पडदा वाचला, छत्री वाचली, देवघरही वाचलं. तुझ्या खोलीचं दार मात्र सुटेना. तू गेल्यापासून आईने त्याला कुलूप घातलंय.

डॉक्टरांनी विचारलंच होतं, घरात अलीकडे काय बदललं? आई छताकडे बघत राहिली. मीच सांगितलं, की मुलगी गेली. त्या म्हणाल्या, ती खोली उघडा, आणि तिच्या अंगावरचा न धुतलेला एखादा कपडा त्याच्या अंथरुणात ठेवा. आता आपल्या घरात न धुतलेलं काय मिळणार? तू गेलीस त्या संध्याकाळी चादरीपासून पायपुसण्यापर्यंत सगळं धुऊन दोरीवर होतं. मी कपाटं उलथीपालथी केली. आई बघत होती. मग उठली आणि तिचं मडीचं कपाट उघडलं. मी नुसता हात लावला तरी ती पुन्हा आंघोळ करते, ते कपाट. पूजेच्या साड्यांच्या घडीखालून तिने तुझी निळी ओढणी काढली. पारोशी, खांद्यावर चुरगळलेली, जशी तू टाकून गेलीस तशीच. माझ्या हातात दिली आणि म्हणाली, मांजरासाठीच ठेवली होती.

त्या रात्रीपासून पुट्टू तिच्यावर झोपू लागला. दार कोरडं राहिलं. मी निश्चिंत झालो, आणि तिथेच फसलो. काल दारावर पुन्हा ओल दिसली. अंथरूण पाहिलं तर ओढणी नाही. शोधायची गरजच पडली नाही, मडीचं कपाट जरा उघडं राहिलं होतं. पुट्टू त्या कपाटासमोर नुसताच बसून होता.

युगादी तोंडावर आली आहे, म्हणून हे लिहितोय. प्रणीतबरोबर एक अंगावरचा कपडा पाठव, न धुता. पुट्टूचं त्यावर भागेल. तुझ्या आईचं भागत नाही, बाळा. ती बोलावणार नाही, तिचा स्वभाव तुझ्यात उतरलाय, तुला वेगळं काय सांगू. पण तुझ्या खोलीचं कुलूप आज सकाळपासून खिडकीत पडलंय, आणि ते मी काढलेलं नाही.

वाट पाहणारा,
तुझाच अण्णा